चहा, पेज, हुर्राक, वाईन: आपल्या दिवसाची आखणी नक्की कोणते पेय करते?

अंत्रुजवासी

नमस्कार मंडळी. शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आणि शाळेच्या घंटेवर चालणारा दिवस संपला. तेव्हापासून एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, की आपल्याकडे दिवसाचे भाग पाडण्याचे काम घड्याळापेक्षा पेयेच अधिक चोख करतात. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकू आला की चहाचे आधण चढते. दहा-साडेदहाला बागायतीतून परतलेल्या माणसासमोर उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड येते. दुपारचे जेवण सोलकढीने संपते. वामकुक्षीनंतर चारचा चहा होतो. आणि दिवेलागण झाली की ज्याच्या त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणे काढा, दूध, फेणी किंवा अलीकडे वाईन.

यातले बरेच काही मुळात बाहेरून आलेले आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. दूध घालून उकळलेला चहा देशात घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, चहा उद्योगाने नेटाने केलेल्या प्रचारामुळे आणि सीटीसी पद्धतीने (पाने यंत्रात चिरडून, दाणेदार करून) तयार होणाऱ्या स्वस्त, कडक चहामुळे. असे असूनही आज कोणी चारचा चहा बंद करू म्हटले तर सगळे घर बेचैन होईल.

माझे मत असे आहे, की ठरलेल्या वेळी ठरलेले पेय घेणारा माणूस दिवसभर ताळ्यावर राहतो, आणि ते पेय कोणते हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आपल्या दिवसाला कोणते पेय आकार देते? ते सुटले तर काय काय बदलेल? आणि संध्याकाळचा पेलाही या शिस्तीत धरावा का? सविस्तर लिहावे, ही विनंती.

बार्देसची_लेक

माझ्यापुरते उत्तर चारचा चहा हेच आहे. म्हापशाच्या बाजारात आमचे दुकान आहे. दुपारी एकला दार ओढले की चारपर्यंत बाजार शांत असतो, आणि पुन्हा कुलूप काढण्यापूर्वी चहा झाला नसेल तर पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांशी मी नीट बोलूच शकत नाही.

डिचोलीकर

चहामुळे एका घराचाच नव्हे, तर अख्ख्या पट्ट्याचा दिवस कसा ठरतो हे आम्ही खाणभागातल्या लोकांनी पाहिले आहे. खनिजाचे ट्रक चालू होते तेव्हा रस्त्याकडेची चहाची दुकाने अंधारातच उघडत. पहिली फेरी मिळावी म्हणून चालक रांगेत उभे असत आणि रांग हलेपर्यंत पातळ भाजी, पाव आणि चहा चाले. दुकानदार उजाडायच्या आत भाजी चढवी, त्याआधी पोदेर त्याच्याकडे पोचे आणि दूधवाला त्याच्याही आधी. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात काही सुरू झाल्या आणि मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक घरासमोर उभे राहिले, पण माणसे सवयीने त्याच वेळी उठून त्याच दुकानात येऊन बसत. चहा तोच, वेळही तीच, पण पुढे जायला काम नव्हते. एका चहावर माणूस दोन-दोन तास बसू लागला, तेव्हा दुकानदारालाही त्याला उठ म्हणवत नसे.

त्यामुळे अंत्रुजवासी सरांच्या मताला मी अर्धाच दुजोरा देतो. पेयाने वेळ ठरते हे खरे, परंतु त्या वेळेला अर्थ येतो तो पुढच्या कामाने.

पेडण्याची_सून

सर, आपला लेख मनापासून आवडला, तरी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. आपल्या पहिल्या परिच्छेदात आधण ‘चढते’, पेज ‘समोर येते’ आणि चारचा चहा ‘होतो’. हे सगळे करते कोण, याचा उल्लेख त्यात कुठेच नाही.

आमच्या घरातली सकाळ अशी असते. सासऱ्यांना उठल्या उठल्या कोरा चहा लागतो, आले ठेचून आणि अगदी कमी गुळाचा. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे त्यांचा चहा बिनसाखरेचा, पण दूध जास्त, आणि तो देवपूजा आटोपल्यावरच; आधी करून ठेवला तर साय धरते आणि मग त्या तो घेत नाहीत. यजमानांना चहा पाव आल्यावरच हवा असतो, म्हणून पोदेर उशिरा आला की तो पुन्हा तापवावा लागतो, आणि दुसऱ्यांदा तापलेला चहा कडवट झाला हेही ऐकून घ्यावे लागते. मुलीला दूध. या सगळ्यातून गॅसची एक शेगडी मोकळी झाली की डब्याची भाजी चढते. माझा स्वतःचा चहा बहुधा उभ्यानेच होतो.

या घरात प्रत्येकाची दिनचर्या पेयाने आखलेली आहे यात शंका नाही, पण त्या सगळ्यांच्या पेयांनी आखली जाते ती माझी दिनचर्या. म्हणून माझा प्रश्न असा आहे: एकाच्या पेल्यासाठी घरातल्या किती जणांचा वेळ जातो, हे आपण कधी मोजतो का?

बार्देसची_लेक

ताई, हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच उत्तर सुचले नाही.

रात्रपाळी

वेर्णा औद्योगिक वसाहतीत मी पाळ्यांमध्ये काम करतो. पाळी बदलली की आठवडाभर शरीराला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळेनासे होते, आणि त्यावर उपाय म्हणून आम्ही सगळेच चहा पीत सुटतो. एका कार्यशाळेत समजावून सांगितलेली एक गोष्ट मात्र मला फार उपयोगी पडली. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. चहाकॉफीतले कॅफीन त्याची जागा अडवते, त्यामुळे थकवा जाणवत नाही, पण तो गेलेलाही नसतो. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. कोणाला कमी, कोणाला जास्त.

याचा अर्थ असा, की पहाटे चारला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफीन सकाळी नऊला शरीरात असते, आणि आम्ही घरी जाऊन झोपतो ते नेमके त्याच सुमाराला. आता रात्रपाळीत चहा दोन वाजेपर्यंतच आणि त्यानंतर मीठ घातलेले लिंबूपाणी, असा नेम मी पाळतो. झोप स्पष्टपणे सुधारली आहे. चहा एका दिवसात एकदम तोडू नये, हेही लिहून ठेवतो. सवय असलेल्या माणसाचे डोके दुसऱ्या दिवशी अनेकदा दुखते.

मांडवीकिनारी

पणजीतल्या एका उपाहारगृहात वाईन वाढण्याचे काम करतो, म्हणून धाग्याच्या नावातल्या शेवटच्या पेयाबद्दल लिहितो.

युरोपातून येणारे बरेच पाहुणे वाईन जेवणाबरोबर मागवतात. घास आणि घोट आलटून पालटून चालतो, ताट संपते तेव्हा पेलाही संपतो आणि माणूस उठतो. सासष्टीतल्या काही जुन्या घरांतही जेवणाबरोबर छोटा पेला घेण्याची पद्धत मी पाहिली आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मात्र पिणे जेवणाआधी होते. रिकाम्या पोटी, नुसत्या चखण्यावर दोन-अडीच तास जातात आणि जेवण अकराला वाढले जाते. पोटात अन्न असेल तर मद्य रक्तात सावकाश उतरते आणि पोट रिकामे असेल तर झपाट्याने. त्यामुळे तेवढेच मद्य या दोन पद्धतींनी घेतले तरी त्याचा परिणाम सारखा होत नाही. पेडण्याच्या ताईंनी विचारलेला प्रश्न इथेही लागू पडतो, कारण अकराच्या जेवणासाठी घरातली बाई तोवर जागी असते.

दुसरी गोष्ट बाटलीची. फेणीची बाटली उघडून महिनोन् महिने ठेवता येते. वाईनला हवा लागली की फ्रीजमध्ये ठेवूनही ती तीन ते पाच दिवसच चांगली राहते. ‘उघडली आहे तर संपवू या’ हा विचार त्यातूनच येतो, आणि आठवड्यातून एकदाचा बेत हळूहळू रोजचा होतो. घरी एकटेच घेणाऱ्यांना मी नेहमी लहान बाटली घ्यायला सुचवतो.

सत्तरीकर

आमच्या कुटुंबाची काजूची भाटी, म्हणजे काजूची दारू गाळण्याची भट्टी, आहे. मार्च ते मे या काळात आमच्या घरात कोणाचाही दिवस त्याचा स्वतःचा राहत नाही.

चांगल्या भाटीसाठी बोंडू (काजूची फळे) झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचतात, म्हणून उन्हे चढण्यापूर्वी डोंगर गाठावा लागतो. बी पिळून वेगळी काढायची, बोंडू कोळंबीत (तुडवण्याच्या कुंडात) टाकून पायांनी तुडवायचे, मग चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर जड दगड ठेवायचा. त्यातून जो स्वच्छ रस थेंबाथेंबाने गळतो तो निरो. तुडवताना निघालेला रस मात्र आंबवण्यासाठी वेगळा ठेवतात. तो तीनेक दिवसांत आपोआप आंबतो, त्यात बाहेरून काही घालावे लागत नाही. आंबलेला रस भाणात (गाळण्याच्या भांड्यात) चढला की जाळ सांभाळणाऱ्याला जागचे हलता येत नाही. जाळ भडकला तर मालाला करपट वास लागतो, आणि मंदावला तर धार तुटते. पहिल्यांदा गाळून मिळतो तो हुर्राक, आणि हुर्राक रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी.

या तीन महिन्यांत आमच्याकडे सर्वांत जास्त खपतो तो कोरा चहा, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. जाळावर बसलेल्या माणसाने माल चाखायचा तो जिभेपुरता. त्याच्या हाताशी चहाची किटली असते. माझ्या आजोबांचा याबाबत फार कडक दंडक होता आणि तो आम्ही आजही पाळतो.

काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु हंगामात भर दुपारी बर्फ, लिंबू सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून हुर्राकाचे पेल्यावर पेले रिचवायचे आणि मग दिवस मावळेपर्यंत झोपून राहायचे, याला वारसा म्हणावे असे मला वाटत नाही. जे बनवायला इतक्या लोकांची इतकी मेहनत लागते, ते बेताने आणि चव घेत प्यायला हवे.

डॉक्टर_मडगाव

सत्तरीकरांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. हुर्राक हलका असतो या समजुतीचे रुग्ण दरवर्षी उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. फेणीत साधारण ४२ टक्के मद्यार्क असतो, तर हुर्राकात १५ टक्क्यांच्या आसपास. परंतु फेणी ६० मिलिलिटर घेणारा माणूस हुर्राक २०० मिलिलिटर घेतो. हिशेब केला तर ६० मिलिलिटर फेणीतून सुमारे २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो आणि २०० मिलिलिटर हुर्राकातून सुमारे २४ ग्रॅम. वाईनचा १५० मिलिलिटरचा पेलाही १४-१५ ग्रॅमचा असतो, आणि ७५० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीत ७० ग्रॅमहून अधिक मद्यार्क असतो. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच निकामी करू शकते, आणि आंबट ताक, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती फार लवकर ओलांडली जाते.

दिनचर्येच्या दृष्टीने झोपेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. ‘एक पेला घेतला की शांत झोप लागते’ असे अनेक जण सांगतात. डोळा लवकर लागतो हे खरे, परंतु रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते आणि स्वप्नांची झोप कमी होते. मग सकाळी जड वाटते, म्हणून चहा वाढतो. चहा वाढला की रात्री झोप येत नाही, म्हणून पुन्हा पेला. या चक्रात अडकलेल्या माणसाला चहा आणि मद्य या दोन वेगळ्या सवयी वाटतात, मात्र माझ्या दृष्टीने ती एकच सवय असते.

अंत्रुजवासी सर, पेय कोणते हा प्रश्न नंतरचा आहे, हे आपले मत वैद्यकीयदृष्ट्या मला मान्य करता येत नाही. आरोग्याला अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे.

निनावी_दक्षिण

या धाग्यावर लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. संध्याकाळचा पेला शिस्तीत धरावा का, असे सरांनी विचारले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांची शिस्त अतिशय कडक होती. सातला पेला भरला जाई, एक मिनिटही इकडेतिकडे होत नसे. आमचा अभ्यास, शेजारणीशी बोलणे, दूरदर्शन, दुसऱ्या दिवसासाठी पैसे मागणे हे सगळे सातच्या आत उरकायचे, हे आम्हा भावंडांना कोणी न सांगताही माहीत होते. सातनंतर आवाज करायचा नाही. आई ताटे झाकून बसून राही. बाहेरच्या लोकांना आमचे घर फार नीटनेटके वाटे.

पुढे वडिलांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना जायला सुरुवात केली आणि दारू सुटली. त्या बैठका संध्याकाळीच असत, आणि त्यांना ते सर्वांत उपयोगी पडले असे ते स्वतः सांगतात, कारण नुसता पेला सोडून भागत नाही, सात ते नऊ हा वेळही कशाने तरी भरावा लागतो. घरच्यांसाठीही अशा बैठका असतात. आई त्यांना जात असे. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी: रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दारू एकाएकी बंद करू नये, त्यातून आकडी येण्याचा आणि जिवाला धोका होण्याचा संभव असतो. ज्यांना कोणाशी तरी बोलायचे आहे त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

पेडण्याची_सून

ताई, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ‘आई ताटे झाकून बसून राही’ या वाक्यावर मी बराच वेळ थांबले होते.

साळगावचा_शेजारी

सवय आपल्या ताब्यात आहे की आपण सवयीच्या, हे तपासण्याची सोय गोव्यात आपल्या पूर्वजांनीच करून ठेवली आहे. आमच्या वाड्यावर हिंदू घरांत श्रावणात मासळी आणि दारू बंद असते, ती बहुधा चवथीपर्यंत. शेजारच्या ख्रिस्ती घरांत ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात अनेक जण दारूला शिवत नाहीत. ज्याला हा महिना-दीड महिना जड जात नाही त्याने निश्चिंत असावे, आणि ज्याची पहिल्याच आठवड्यात चिडचिड सुरू होते त्याने निनावी ताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचावा. श्रावणातल्या संध्याकाळी आमच्याकडे जेवण साडेआठला होते आणि नंतर भजनाला जायला वेळ मिळतो. उरलेले वर्षही तसे का जाऊ नये, असा प्रश्न यंदा आमच्या मुलानेच विचारला.

बार्देसची_लेक

थोडे अवांतर: निरो फ्रीजमध्ये किती टिकतो? मागच्या हंगामात सकाळी आणलेला निरो संध्याकाळी उघडला तर त्याला फेस आला होता.

सत्तरीकर

निरो आणला त्याच दिवशी, शक्यतो दुपारच्या आत संपवावा. फ्रीजमुळे आंबणे मंदावते, थांबत नाही. फेस दिसला की लहान मुलांना देऊ नये.

अंत्रुजवासी

सर्व प्रतिसाद मी दोनदा वाचले. डॉक्टरसाहेबांशी आकड्यांवर वाद घालण्याचे कारण नाही. ठरलेल्या वेळेचे महत्त्व मला आजही वाटते, मात्र डिचोलीकर, पेडण्याच्या ताई आणि निनावी ताई यांच्या लिहिण्यामुळे त्यात एक अट घालावीशी वाटते. पेयाची वेळ जशी सुरू होते तशी ती संपायलाही हवी. पेज प्यायली की माणूस कामाला लागतो. चारचा चहा झाला की दुकान उघडते. ज्या पेयाची वेळ सुरू होते पण संपत नाही, आणि ती लांबली की घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी वेळ खाते, त्याला मी शिस्त म्हणणार नाही. मग तो पेला फेणीचा असो, वाईनचा असो किंवा दुसऱ्याने तीनदा तापवलेला चहा असो.

आमच्या घरी आता सकाळचा पहिला चहा मी करतो.

रात्रपाळी

सर, ही अट मला पूर्णपणे पटली. आमच्या कँटीनमधला चहा तर कधीच संपत नाही.

पेडण्याची_सून

या धाग्यावरची चर्चा मी घरी मांडली होती. सध्या असे ठरले आहे: सकाळी सहाला एकच चहा, बिनसाखरेचा, थर्मासमध्ये, साखर, गूळ आणि ठेचलेले आले बाजूला, ज्याने त्याने आपले घ्यावे. रात्रीचे जेवण साडेआठला, आणि ज्याला पेला घ्यायचा असेल त्याने तो पानावर बसून घ्यावा. सासऱ्यांना थर्मासचा चहा अजून पसंत नाही, पण गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी वेगळे आधण स्वतःच ठेवले.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचे राहिले. सासूबाईंचे रक्त कमी आहे आणि लोहाची गोळी त्या सकाळच्या चहाबरोबरच घेतात, म्हणजे विसरायला होत नाही. ते बरोबर आहे का?

डॉक्टर_मडगाव

तसे घेऊ नये. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही. गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवा, जेवणानंतरही लगेच चहा देऊ नका, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर दिलीत तर क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक चांगले शोषले जाईल. मधुमेह आहे म्हणून त्यात साखर घालू नका. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले आहे, तेव्हा एकदा आपलेही रक्त तपासून घ्या. दहाच्या पेजेआधी तासभर ही गोळीसाठी सोयीची वेळ आहे.